बांगडा तारली खातो का? खानापूर तालुक्यातील एका वर्गाने मांडलेले समुद्राचे अन्नजाळे

खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. नकाशावर आमच्या गावापासून अरबी समुद्र बोटभर अंतरावर दिसतो, परंतु मध्ये सह्याद्रीचा कडा उभा असल्यामुळे वर्गातील बऱ्याच मुलांनी तो प्रत्यक्ष पाहिलेला नाही. मासळी मात्र त्यांच्या ओळखीची आहे. गोव्याची आणि कारवारची मासळी बर्फात घालून घाट चढते, बेळगावच्या कॅम्पमधील मासळी बाजारात उतरते आणि तेथून तालुक्याच्या बाजारात पोचते. म्हणजे समुद्राविषयी जो काही पुरावा आमच्या हाती लागतो तो मेलेला, थिजलेला आणि पाटीत मांडलेला असतो. एवढ्या पुराव्यावरून समुद्रात कोण कोणाला खातो याचा नकाशा किती प्रामाणिकपणे मांडता येतो, हे आम्ही एका शैक्षणिक वर्षात अजमावून पाहिले. त्या कामाची, त्यात झालेल्या चुकांसह, ही नोंद आहे.

सुरुवात एका तक्त्यापासून झाली. पर्यावरणाच्या धड्यात अन्नसाखळी येते आणि उदाहरणे गवत, हरिण, वाघ अशी असतात. भीमगडचे जंगल आमच्याच तालुक्यात असल्यामुळे ती मुलांना परकी नाहीत, म्हणून या वेळी मी त्यांना माशांची साखळी काढायला सांगितली. एका गटाने शैवाल, तारली, बांगडा, सुरमई आणि मोरी (शार्क) अशी पाच चित्रे एकाखाली एक काढून मध्ये बाण जोडले. मी त्यावर बरोबरची खूण करून मोकळा झालो होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, बांगडा तारली खातो हे कुणी बघितलंय काय? आमची आई दर आठवड्याला बांगडे साफ करते. तिला एकदाबी पोटात तारली गावली नाही."

माझ्याकडे उत्तर नव्हते. साखळी आकाराच्या क्रमाने लावलेली होती आणि ती मला पटली होती ती केवळ त्या क्रमामुळे. त्या मुलीच्या आईने मात्र कित्येक वर्षे, नकळत का होईना, शेकडो माशांची पोटे तपासली होती. तिच्या निरीक्षणाला पुस्तकातील बाणाइतकेच वजन द्यायला हवे असे मला मनापासून वाटले, आणि खूण खोडून काम सुरू झाले.

एक मासा, तीन चौकटी

पहिली अडचण समुद्रातली नव्हती, ती आमच्या सीमाभागातली होती. प्रत्येकाने घरी खाल्ल्या जाणाऱ्या माशांची नावे आणायची असे ठरले. जी यादी आली तिच्यात सुरमई होती, इसवण होती आणि अंजलही होता, आणि मुलांनी तिघांसाठी तीन चौकटी आखल्या. कोल्हापूरकडे नातेवाईक असलेल्या घरात सुरमई म्हणतात, गोवा-मालवणशी संबंध असलेल्या घरात इसवण म्हणतात, आणि मंगळूर पद्धतीच्या खानावळीच्या फलकावर तोच मासा अंजल असतो. तारली दक्षिणेकडे बूताई होते, बांगडा कन्नडमध्ये बंगुडे होतो. वाकटीला रत्नागिरीकडे बळा म्हणतात. भाषा चार आणि मासा एक, अशा ठिकाणी अन्नजाळे मांडायला बसले की जाळे उगीचच मोठे दिसू लागते.

उलट चूकही झाली. जवळा म्हणजे कोळंबीची पिल्ले, असे जवळपास सगळ्या घरांत समजले जाते, म्हणून तो कोळंबीच्या चौकटीत गेला होता. वास्तविक जवळा हा असेटिस नावाच्या वेगळ्या प्रजातीसमूहाचा पूर्ण वाढलेला प्राणी आहे, तो कितीही जगला तरी त्याची कोळंबी होत नाही, आणि आपल्या किनाऱ्यावरचे कित्येक मासे त्याच्यावर पोसतात. कोळंबीच्या चौकटीत तो लपून राहिला असता तर जाळ्यातील एक महत्त्वाची गाठच हरवली असती. शेवटी प्रत्येक चौकटीत आधी शास्त्रीय नाव, मग घरात चालणारी सगळी नावे, असा नियम केला. स्कॉम्बेरोमोरस कॉमर्सन हे नाव मुलांना अवघड जाईल असे मला वाटले होते. ती ते मराठी कवितेच्या चालीवर पाठ करू लागली.

पोट काय सांगते आणि काय लपवते

साहित्य साधे होते. शाळेचा एक सूक्ष्मदर्शक, कात्री, स्टीलच्या ताटल्या, ड्रॉपर आणि मिठाचे पाणी. बाजारातील एका मावशींनी मासे साफ करताना निघणारी पोटे माशाप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत ठेवून देण्याचे मान्य केले, आणि काही मुलांनी घरच्या माशांची पोटे आणली.

पोट उघडण्याआधी तोंड उघडायचे, हे आम्ही लवकरच शिकलो. तारलीच्या कल्ल्यांच्या कमानींवर केसांसारखे बारीक काटे दाटीने बसलेले असतात आणि त्यांतून पाणी गाळले जाऊन सूक्ष्म अन्न मागे राहते. बांगड्याचे तोंड पुरते उघडून उजेडाकडे धरले तर हीच गाळणी पिसासारखी लांब दिसते. सुरमईच्या कल्ल्यांवर मात्र थोडेच, आखूड आणि जाड काटे असतात, आणि जबड्यात कडेने चपटे, धारदार त्रिकोणी दात असतात. ज्याच्या तोंडात गाळणी आहे तो आपल्या बरोबरीचा मासा पकडून खात असेल ही शक्यता इथेच बरीच कमी होते. मुलीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर पोट न फाडता मिळाले.

उरलेले निम्मे सूक्ष्मदर्शकाखाली मिळाले. तारलीच्या पोटातून हिरवट-तपकिरी लगदा निघाला, आणि त्याच्या थेंबात डायाटम, म्हणजे काचेसारख्या सिलिकाच्या कवचाची एकपेशीय शैवले, पट्ट्यांसारखी एकाला एक चिकटलेली दिसली. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रॅजिलारिया ओशिॲनिका या डायाटमची वाढ आणि तारलीचे थवे यांचा संबंध १९२० च्या दशकापासून नोंदवला गेलेला आहे. आम्ही पाहिलेल्या पट्ट्या त्याच जातीच्या होत्या असे मी म्हणणार नाही, कारण तेवढी ओळख आमच्या भिंगाला जमणारी नव्हती. बांगड्याच्या पोटातला लगदा तांबूस होता, आणि त्यात झिंग्यांच्या नात्यातील कोपेपॉड या सूक्ष्म प्राण्यांचे सांध्यांचे पाय आणि लांब मिशा तुटलेल्या अवस्थेत दिसल्या. डायाटमही होते, पण थोडे.

वाकटीने मुलांना खरे हादरवले. तिच्या पोटातून चंदेरी, दोरीसारखी निमुळती शेपटी निघाली, आणि ती दुसऱ्या वाकटीची होती. "सर, ह्यानं आपल्याच भावाला खाल्लंय की!" असे एक मुलगा ओरडला. ट्रायकियुरस लेप्टुरस या जातीत मोठ्याने लहान्याला खाणे हे चांगले माहीत असलेले वर्तन आहे. त्या दिवशी तक्त्यावर पहिला असा बाण आला जो एका चौकटीतून निघून त्याच चौकटीत परत गेला.

यानंतर आमची मोठी चूक झाली. ढोमा नावाच्या एका माशाच्या घशात ताजा, अखंड जवळा सापडला, आणि आम्ही आनंदाने ठळक बाण काढला. मावशींना दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "अरे, जाळ्यात सगळी एकमेकांत चिरडत्यात. तोंडाजवळ येईल ते गिळत्यात. ते काय जेवण नव्हे." त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यात कोंडलेल्या माशांनी सोबतच्या प्राण्यांना गिळणे ही पोटाच्या अभ्यासातील जुनी अडचण आहे. तेव्हापासून घशात सापडलेले आणि न पचलेले काहीही पुरावा धरायचे नाही असे ठरले. ढोमा जवळा खातो हे खरेच आहे, पण खरी गोष्ट चुकीच्या पुराव्यावर उभी करणे मला मान्य नव्हते, आणि तो बाण आम्ही पोटात अर्धवट पचलेला जवळा सापडेपर्यंत पुसून ठेवला.

पोट लपवतेही बरेच. मासा मेला तरी पाचकरस थांबत नाहीत. भरपेट खाल्लेली तारली बर्फ कमी पडला की दुपारपर्यंत पोटाशी फुटते, आणि आपल्याकडच्या बायका ती शिळी म्हणून बाजूला सारतात. वास्तविक त्या फुटण्याला तिच्या भरल्या पोटाचाही हातभार असतो. माणकीची (स्क्विडची) चोच किंवा माशाच्या कानातील खडा पोटात बराच काळ टिकतो, तर जेलीफिशचा मागमूस फार लवकर नाहीसा होतो, त्यामुळे केवळ पोटावर विसंबणारा नकाशा माणकीला मोठे करतो आणि जेलीफिशला पुसून टाकतो. सुरमई तर आमच्याकडे बहुतेक वेळा साफ करूनच आली, आणि जी आली तिचे पोट रिकामे होते. मोठे भक्षक क्वचित पण भरपूर खातात आणि वर ओढले जाताना खाल्लेले ओकूनही टाकतात. रिकामे पोट म्हणजे काही खात नाही असा अर्थ घेणे, ही या कामातील सर्वांत सोपी आणि सर्वांत घातक चूक आहे.

दोन काळे ठिपके

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट एका बांगड्याच्या लगद्यात सापडली. कोपेपॉडच्या पायांच्या ढिगात काचेसारखी पारदर्शक, नखाच्या टोकाएवढी एक आकृती होती आणि तिच्या एका टोकाला दोन काळे ठिपके होते. ते डोळे होते. ते कुठल्यातरी माशाचे नुकतेच अंड्याबाहेर आलेले पिल्लू होते. कोणत्या माशाचे, हे आम्हाला ओळखता आले नाही.

त्या दोन ठिपक्यांनी आमचा सगळा तक्ता मोडला. वाढलेला बांगडा कोळंबीची आणि माशांची पिल्ले खातो हे नोंदवलेले आहे. सुरमई लाखोंनी अंडी सोडते, ती पाण्यावर तरंगतात, आणि मोहरीच्या दाण्याएवढ्या त्या अंड्यातून निघालेले पिल्लू बांगड्याच्या गाळणीत सहज अडकू शकते. तेच पिल्लू वाचले तर पुढे हातभर होऊन बांगडे खाते. म्हणजे या दोघांतला बाण दोन्ही दिशांनी जातो. तारलीच्या बाबतीतही तेच. बांगडा मोठी तारली खात नाही, त्या मुलीच्या आईचे म्हणणे खरे होते; पण तारलीचे पिल्लू त्याच्या तोंडी जाऊ शकते, त्यामुळे पहिल्या तक्त्यातील बाण पूर्ण खोटाही नव्हता.

जंगलात असे होत नाही. हरणाचे पाडस दूध सुटल्यावर गवत खाते आणि मरेपर्यंत गवतच खाते. त्याच्या नावावरून त्याची जागा कळते. समुद्रात जागा नावाने ठरत नाही, ती त्या वेळच्या आकाराने आणि तोंडाच्या मापाने ठरते. ॲलिस्टर हार्डी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये उत्तर समुद्रातील हेरिंग माशाच्या अन्नाचे जे प्रसिद्ध चित्र काढले, त्यात त्याने हेरिंगला एकच चौकट दिली नव्हती. वाढीच्या टप्प्यांप्रमाणे त्याचे अन्न वेगवेगळे दाखवले होते. शंभर वर्षांपूर्वीची ती शिस्त शाळेच्या तक्त्यांपर्यंत पोचलेली नाही याचे मला वाईट वाटते, कारण एकदा ती कळली की लहान भोकांच्या जाळ्याने पिल्ले उपसण्याचा अर्थ मुलांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आम्ही सुरमई, बांगडा आणि तारली यांच्या चौकटी फोडून प्रत्येकाच्या दोन केल्या, आणि तिघांची अंडी-पिल्ले मिळून तळाजवळ एक सामाईक वर्तुळ काढले. बाणाची दिशाही याच वेळी दुरुस्त झाली. मुले बाण नेहमी खाणाऱ्याकडून खाल्ल्या जाणाऱ्याकडे काढतात, कारण वाघ हरणाकडे धावतो. पण बाण शिकाऱ्याची धाव दाखवत नाही, तो अन्न कुठे गेले हे दाखवतो, म्हणून त्याचे टोक खाणाऱ्याच्या तोंडाशी असते.

बाणांचे वजन

कोण कोणाला खातो एवढे कळले तरी किती खातो हा प्रश्न उरतो. समजा एका माशाच्या पोटात हजार कोपेपॉड आणि एकच मांदेली निघाली. संख्येने पाहिले तर तो कोपेपॉडवर जगतो, वजनाने पाहिले तर मांदेलीवर. पिंकास आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये सुचवलेल्या निर्देशांकात संख्येची आणि आकारमानाची टक्केवारी यांची बेरीज करून तिला, ते अन्न किती टक्के पोटांत सापडले, त्याने गुणतात. आमच्याकडची पोटे थोडी होती, म्हणून आकडे काढून तक्त्यावर लावण्याचा मोह आम्ही टाळला. पद्धत मात्र मुलांनी वहीत करून पाहिली.

एका हिशोबाचा मुलांवर खोल परिणाम झाला. रेमंड लिंडेमनच्या १९४२ च्या मांडणीनंतर रूढ झालेला स्थूल नियम असा, की एका पातळीवरून वरच्या पातळीवर साधारण दहा टक्के ऊर्जा पोचते. सुरमई फक्त तारली खाऊन आणि तारली फक्त शैवाल खाऊन वाढली असे धरले, तर एक किलो सुरमईमागे दहा किलो तारली आणि शंभर किलो शैवाल लागते. तीच सुरमई बांगडा खाऊन वाढली, आणि बांगडा कोपेपॉडवर, तर मध्ये एक पायरी वाढते आणि शैवाल हजार किलो लागते. प्रत्यक्षात तारलीही कोपेपॉड खाते आणि दहा टक्के हा आकडा कमीजास्त होतो, म्हणून शास्त्रज्ञ पोषणपातळी, म्हणजे शैवालाला एक धरून मोजलेली अन्नातली पायरी, पूर्णांकात सांगत नाहीत. तारली दोन आणि तीन यांच्या मध्ये बसते, बांगडा तीनच्या थोडा वर, सुरमई चारच्याही वर. तरीही ताटातला एकच तुकडा कोणत्या वाटेने आला यावर त्याची समुद्रातली किंमत दसपट बदलते, हे वहीत स्वतः मांडल्यावर मुले काही वेळ गप्प झाली होती.

केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कर्नाटकाच्या किनाऱ्यासाठी इकोपाथ या संगणकीय पद्धतीने असे प्रतिमान तयार केलेले आहे, आणि त्यात प्रत्येक बाणाला प्रमाण आहे. तिथे मासेमारी हाही एक भक्षक म्हणून मोजला जातो. आमच्या तक्त्यावर माणूस फक्त ताटापाशी होता. पण किनाऱ्यावरच्या कारखान्यांत तारलीची भुकटी आणि तेल काढले जाते, आणि भुकटी कोळंबीच्या तलावांत व कोंबड्यांच्या खाद्यात जाते, म्हणून आम्ही एक बाण समुद्राबाहेर कोंबडीकडेही नेला.

न दिसणारे दोन महिने

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात आमच्या बाजारात नदीची मासळी, थोडी रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची, आणि सुकट असते, त्यामुळे आमचा तक्ता प्रत्यक्षात ऑगस्ट ते मे या महिन्यांचा आहे. आणि नेमक्या त्याच पावसाळ्यात किनाऱ्याजवळ खोलातले थंड, पोषक क्षारांनी भरलेले पाणी वर येते, शैवालाची वाढ होते आणि सगळ्या जाळ्याचा पाया घातला जातो. पाठोपाठ सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोवा-कारवारच्या उथळ समुद्रात तळाजवळच्या पाण्यातील प्राणवायू फार कमी होतो, हे गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधनातून पुढे आलेले आहे. तळाचे प्राणी तेव्हा जागा सोडतात, आणि बाण काही आठवड्यांपुरते बदलतात.

मुलांना या भागात एक बाण आपल्या गावातून हवा होता. मलप्रभा आणि महादयी दोन्ही आमच्या तालुक्यात उगम पावतात; मलप्रभा पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, महादयी गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला. भीमगडच्या जंगलातील कुजलेले पान महादयीतून खाडीत पोचते आणि तिथल्या खेकड्यांच्या व कोळंबीच्या अन्नात भर घालते, एवढे निश्चित म्हणता येते. पण सुरमईचे पोट आमच्या पानांवर भरते असे म्हणणे चुकीचे होईल. उघड्या समुद्रातील जाळे प्रामुख्याने शैवालावर उभे आहे. म्हणून पानाचा बाण काढला, तो खाडीपाशी थांबवला, आणि त्यावरून वर्गात बराच वाद झाला.

तक्ता आज कसा आहे

आता तक्त्यावर तीन प्रकारचे बाण आहेत. स्वतःच्या डोळ्यांनी, अर्धवट पचलेल्या अन्नातून पाहिलेले ते ठळक. संशोधनातून माहीत असलेले पण आम्हाला न सापडलेले ते तुटक. आणि मासे विकणाऱ्या किंवा साफ करणाऱ्या माणसांनी सांगितलेले ते ठिपक्यांचे. ठळक बाण सर्वांत कमी आहेत, आणि तसे ते असावेत. मोठी तारली आणि मोठा बांगडा यांच्यामध्ये आता बाण नाही. दोघांकडे तक्त्याच्या तळाशी असलेल्या प्लवकांतून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांतून, बाण येतात, म्हणजे ते एकाच ताटात जेवणारे आहेत. अंडी-पिल्लांच्या वर्तुळातून बांगड्याकडे जाणारा बाण ठळक आहे, आणि तो त्या मागच्या बाकावरच्या मुलीने काढला.

सर्वांत वरची मोरीची चौकट मात्र रिकामी आहे. मोरी आमच्याकडे डोके आणि पोट काढून, तुकडे करून येते, त्यामुळे तिच्याकडे जाणारे सगळे बाण तुटक आहेत आणि चौकटीत मुलांनी "पोट मिळाले नाही" एवढेच लिहिले आहे. मुशी, म्हणजे लहान मोरी, कधीकधी अखंड येते. बंदी उठल्यावर येणाऱ्या पहिल्या गाड्यांत ती असली तर तिचे पोट बाजूला ठेवायचे मावशींनी कबूल केले आहे, आणि झाकणाचा डबा मुलांनी आधीच त्यांच्याकडे नेऊन दिला आहे.